आवाज जसाच्या तसा

दर रविवारी सकाळी धनंजय माईकसमोर बसायचा आणि आपल्या भारदस्त आवाजात सांगायचा, "श्रोतेहो, पुढच्या तासाभरात आपल्या कानांवर जे काही आदळेल, त्याला मी जबाबदार नाही." मग पिशवी उचलून भाजी आणायला निघून जायचा. रेडिओ ठणाणाची सुरुवात अशी व्हायची.

धनंजय आवटी म्हणजे माझा नवरा. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाला, पण मिरजेत त्याला लोक ओळखतात ते निवेदक म्हणून. व्याख्यानमाला असो, सत्कार असो, कुणाची एकसष्टी असो, माईक धनंजयच्या हातात. त्या आवाजावर मीही भाळले होते, हे लपवण्यात अर्थ नाही. मी दातांची डॉक्टर, नीलांबरी. माझ्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत, एक्स-रेच्या जाड भिंतीपलीकडे, हा इंटरनेटवरचा रेडिओ चालायचा. एक संगणक, एक माईक, दोन स्पीकर आणि चाळीस वर्षांत जमवलेली पंक रॉकची गाणी, एवढंच त्याचं भांडवल. भिंतीमुळे शेजारी वाचले होते.

पंकचं वेड मला हॉस्टेलवर लागलं. माझी खोलीसोबतीण रेहाना इनामदार हिने एक सीडी ऐकवली आणि मी बिघडले. तीन सूर, चार पोरं आणि पोटातून आलेला राग, एवढ्यावर ते संगीत उभं राहतं. वाजवता येत नसलं तरी चालतं, खोटं वाजवलेलं चालत नाही. ज्या गावात तंबोऱ्याच्या जवारीवरून माणसं तासन्‌तास वाद घालतात, त्या गावात हे. सासूबाई म्हणायच्या, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. धनंजयचं मत थोडक्यात असायचं. "भांड्यांची गाडी उलटलीय. आवाज थांबला की सांग."

पण जगात माझ्यासारखे आणखी होते. चंद्रपूर, बेळगाव, टोरांटो, कुठून कुठून काहीशे माणसं रविवारी ऐकायला यायची. त्यांच्यासाठी मी गाणी शोधून ठेवायची, कुणी पाठवलेली लावायची. आमचा नियम एकच होता. आमच्याकडून आवाज जसाच्या तसा जाईल, त्यात साफसूफ होणार नाही.

शेवटचं गाणं ठरलेलं असायचं. इचलकरंजीच्या 'वायरमन' नावाच्या बँडचं 'पाणी सुटलं'. नळाला पाणी येण्याची वाट बघणाऱ्या गल्लीचं गाणं. त्यात दुसऱ्या कडव्याआधी ड्रमवाला पोरगा घाईने आधीच सुरू होतो, गाणारा थांबतो, हसू लागतो आणि ओरडतो, "आरं थांब की लेका." मग सगळे पुन्हा सुरू करतात. बँडने ती चूक तशीच ठेवली, म्हणून ते गाणं आमचं. त्या जागी मी माईक उघडा ठेवायची आणि मला हमखास हसू फुटायचं. श्रोते त्याच क्षणी पडद्यावर 'थांब की' लिहून पाठवायचे. शे-दोनशे 'थांब की' एकदम खाली घसरत यायचे. देवळात आरतीला टाळ्या पडतात तशी ती आमची रीत होती.

आता यंत्राकडे येते. दातांच्या ड्रिलची किंकाळी जन्मभर ऐकून माझे कान वरच्या पट्टीत मंद झाले होते, तेव्हा साठी उलटल्यावर मी श्रवणयंत्र घेतलं. २०४३ साल होतं आणि प्रत्येक यंत्रात 'सुश्राव्य' नावाची सोय यायला लागली होती.

तिच्यामागचं विज्ञान मला एका परिषदेत कळलं, ते सोपं आहे. आपला मेंदू नुसता ऐकत नाही, सतत अंदाज बांधतो. 'एक, दोन, तीन' ऐकलं की चार यायच्या आत तो चारसाठी जागा तयार ठेवतो. त्या जागी भलतंच काही आलं, तर सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात मेंदूत एक बारीक विद्युतलहर उठते. काहीतरी चुकलं, असं सांगणारी लहर. ती शास्त्रज्ञांना फार वर्षांपासून ठाऊक होती. नवीन घडलं ते इतकंच, की कानात बसणाऱ्या शेंगदाण्याएवढ्या यंत्राला ती वाचता यायला लागली. तुम्ही कशाला दचकता, कशाला वैतागता, हे यंत्र तुमच्याच लहरींवरून शिकतं. मग बाहेरचा आवाज कानात सोडण्याआधी, पापणी लवायच्या आत, त्यातलं खटकणारं काढून टाकतं आणि त्या जागी तुमच्या मेंदूला अपेक्षित होतं तेच भरतं. तांदळातले खडे वेचायचे आणि प्रत्येक खड्याच्या जागी एक तांदूळ ठेवायचा, असं ते काम. ओळखीच्या माणसांचे आवाज तर ते, सोय बंद असली तरी, पाठच करून ठेवतं.

लोकांना ते फार आवडलं. कुणी साध्या इअरफोनमधून घेतलं, कुणी चष्म्याच्या काडीतून. फोनमध्ये आलं, सभागृहांच्या ध्वनियंत्रणेत आलं. हॉर्नवरून होणाऱ्या मारामाऱ्या थांबल्या. माझ्या पेशंटना ड्रिलचा आवाज पंख्याच्या घरघरीसारखा ऐकू यायला लागला, तेव्हा मीही सुखावले. पण माझ्या स्वतःच्या यंत्रातली ती सोय मी पहिल्याच दिवशी बंद केली आणि चारचौघांत त्याची फुशारकीही मारली. धनंजयने मात्र हौसेने घेतलं. "आता तुझा रेडिओ मला भजनासारखा ऐकू येतो," असं तो मला चिडवायचा.

मार्चमधल्या एका रविवारी कार्यक्रम संपल्यावर फोन आला. चंद्रपूरची रोशनी मेश्राम. तिथल्या एका बँडमध्ये बेस गिटार वाजवणारी पोरगी, बँडच्या गॅरेजमध्ये मित्रांबरोबर जुन्या स्पीकरवर माझा रेडिओ ऐकायची.

"मॅडम, एक विचारू? राग नका मानू."

"विचार की."

"तुम्ही आजकाल हसत काहून नाही?"

मला कळेना. ती म्हणाली, "'पाणी सुटलं'मध्ये. आधी तुम्ही हसायच्या. दिवाळीपासून नाही हसत. आम्हाला वाटलं, तुम्हाला कंटाळा आला असन. आणि 'थांब की' पण आता आमच्या गॅरेजातूनच जाते. बाकी कोणी लिहीत नाही."

बाकीच्यांचं मला ठाऊक होतं. त्यांच्या कानात सुश्राव्य आलं, चूक त्यांच्यापर्यंत पोचेनाशी झाली, त्याला इलाज नव्हता. पण मी? मला जरा झोंबलंच. मी तिला म्हटलं, "अगं, चाळीस वर्षं ऐकतेय मी हे सगळं. प्रत्येक वेळी कसं हसू येईल?" आणि फोन ठेवला.

ठेवला आणि गाणं लावलं. दुसऱ्या कडव्याआधी ड्रम बरोबर वेळेवर आला. गाणारा थांबला नाही, हसला नाही. मी पुन्हा लावलं, पुन्हा तेच. फाइल बिघडली असं समजून मी यंत्र कानातून काढलं आणि स्पीकरला कान लावला. कापडाच्या बोळ्यातून ऐकावं तसं, पण स्पष्ट कळलं. पोरगा घाई करत होता आणि गाणारा हसत होता.

दिवाळीच्या सुमारास यंत्र सर्व्हिसिंगला गेलं होतं. परत आलं ते सोय चालू होऊनच आलं, आणि मी कधी तपासलंच नाही. पंकच्या नावाने जगाला शहाणपण शिकवणारी मी, पाच महिने गाळीव गाणी ऐकत होते आणि मला पत्ताही नव्हता. मला स्वतःची इतकी लाज वाटली की खोलीत एकटी असून मी दार लोटून घेतलं. मग सोय बंद केली, यंत्र कानात घातलं आणि गाणं पुन्हा लावलं. आता हसू आलं.

तेवढ्यात बाहेर पिशवी टेकवल्याचा आवाज झाला आणि कुणीतरी म्हणालं, "गवार नाही मिळाली. दोडका आणलाय."

आवाज कुणाचा ते मला कळेना. घोगरा, कापरा, शब्दाच्या शेवटी हवाच उरलेली. कुणी आजारी म्हातारा चुकून आत आला असं समजून मी बाहेर आले. दोडका हातात धरून धनंजय उभा होता.

"काय झालं?" त्याने त्याच आवाजात विचारलं. "अशी काय बघतेस?"

"माझ्या खुर्चीत बस," मी म्हटलं.

"दात ठीक आहेत माझे."

"बस म्हणते ना."

आरसा घालून घशात जेवढं दिसतं तेवढं बघितलं. काही नव्हतं. स्वरतंतू त्याच्याही खाली असतात, ते माझ्या आरशाला दिसत नाहीत. त्याला म्हटलं, "तुझा आवाज बसलाय. कधीपासून?"

"बसलाय? परवा वाचनालयात सगळे म्हणाले, आवटी सर, आवाज अजून तस्साच. मलाही काही वेगळं वाटत नाही. खाकरावं लागतं जरा, वयच झालं."

सगळे म्हणाले ते खरंच होतं. सभागृहातली यंत्रणा, लोकांचे कान आणि त्याचे स्वतःचे कान, सगळ्यांकडे त्याचा जुना आवाज पाठ होता. घोगरेपणा म्हणजे स्वरतंतूंची अनियमित थरथर. यंत्राच्या लेखी तो खडा, आणि त्याने तो इमानेइतबारे काढला होता.

पण माझे गॅरेजवाले श्रोते? त्यांच्या कानात तर काही नव्हतं. मी रोशनीला उलट फोन केला.

"हो, सरांचा आवाज बदलला ना," ती म्हणाली. "आम्हाला वाटलं, सर मुद्दाम तसं बोलतात. पंकचा रेडिओ आहे म्हणून. आम्ही तर नक्कल करतो त्यांची." मग तिने विचारलं, "काहून, मॅडम? बरे आहेत ना सर?"

तिच्यासारख्यांनी पडद्यावर लिहिलंही होतं. 'सरांचा आवाज कडक होत चाललाय.' 'सर खरे पंक.' मीच त्याला मोठ्याने वाचून दाखवलं होतं, तो खूश झाला होता, आणि आम्ही दोघांनी त्यावर चहा घेतला होता. त्या बिचाऱ्या पोरांना बोल लावण्यात अर्थ नव्हता. खरखर म्हणजे खरेपणा, हे त्यांना मीच शिकवलं होतं.

रेडिओचे जुने कार्यक्रम जसेच्या तसे साठवलेले होते. दुपारी मी एकेक काढून त्याचं ते एकच वाक्य ऐकत गेले. गणपतीपर्यंत आवाज स्वच्छ. दसऱ्याला 'जबाबदार' शब्दावर किंचित तडा. नाताळात वाक्य एका दमात पुरं होत नव्हतं. तीन आठवड्यांहून जास्त आवाज बसलेला राहिला तर घसा दाखवा, हे मी स्वतः पेशंटना सांगते. इथे सहा महिने उलटले होते.

रेहाना आता कान-नाक-घशाची डॉक्टर आहे, सांगलीत. दुसऱ्या दिवशी तिने नाकातून बारीक दुर्बीण घातली आणि पडदा माझ्याकडे वळवला. डाव्या स्वरतंतूवर पांढरट, खडबडीत पट्टा होता आणि तो तंतू हलताना मागे राहत होता. धनंजयला आमच्या तोंडांवरूनच कळलं.

त्या पट्ट्यातून काढलेल्या तुकड्याच्या तपासणीचा अहवाल आला, कर्करोगच निघाला. रेहानाने त्याला समोर बसवून नीट सांगितलं. अजून बाहेर पसरलेला नाही, रेडिएशनने जाईल अशी चांगली आशा आहे. आणखी थोडे महिने गेले असते तर स्वरयंत्रच काढावं लागलं असतं.

"आवाज?" त्याने विचारलं.

"राहील. पण पूर्वीचा नाही राहणार."

बाहेर आल्यावर ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "नीला, हल्ली असे पेशंट उशिराच येतात. पूर्वी कोपऱ्यावरचा दुकानदारसुद्धा विचारायचा, काय साहेब, घसा बसला काय? आता ते विचारणारंच कुणी उरलं नाही. आणि एक लक्षात ठेव. हे परत आलंच, तर पहिल्यांदा आवाजात कळेल. माझी तपासणी दोन महिन्यांनी. तू रोज ऐकणार आहेस."

रेडिएशनचे आठवडे कठीण गेले. घसा भाजून निघाला, पेजसुद्धा गिळवेना. बोलायची मनाई होती, तो फोनवर लिहून दाखवायचा. रेडिओ मी बंद ठेवला. रोशनीचे निरोप यायचे, ते मी त्याला दाखवायची. तो वाचून फोन परत द्यायचा.

पावसाळा सरत आला तेव्हा रेहानाने बोलायची परवानगी दिली. पहिलं वाक्य तो जेवताना बोलला. पत्र्यावर वाळू ओतावी तसा आवाज, मधेच तुटणारा. बोलून झाल्यावर तो माझ्याकडे बघत राहिला.

"तुझ्या यंत्रात माझा आधीचा आवाज अजून असेल ना?"

"असेल."

"मग ते चालू कर की. मी माझं चालूच ठेवणार आहे. तुझ्या कानात तरी मी पूर्वीसारखा राहीन. कुणाचं काय जातंय त्यात?"

मी ताट उचललं आणि स्वयंपाकघरात गेले. तिथे उभी राहून मी ती सोय चालू केली. खोटं कशाला सांगू? मला त्या आवाजाची भूक लागली होती. आतून त्याने हाक मारली, "नीला, ताक आहे का गं?" आणि तो आला, पूर्वीचा, भरदार, लग्नाआधी ज्याच्यासाठी मी भूगोलाचं व्याख्यान ऐकायला गेले होते तो. ओट्याला धरून मी रडले. ताक नेऊन दिलं. तो बोलत राहिला, आणि मी हातातलं सगळं टाकून नुसती ऐकत राहिले.

त्या आठवड्यात मी ते रोज संध्याकाळी थोडा वेळ चालू करायची. शुक्रवारी त्याला जोराचा ठसका लागला. पाणी देऊन मी सवयीने त्याचा आवाज ऐकायला कान टवकारले, आणि लक्षात आलं की माझ्या कानात तो ठणठणीत आहे. तो तसाच ठणठणीत राहणार होता. धनंजयला काहीही झालं तरी त्या आवाजाला काही होणार नव्हतं.

मी ते बंद केलं आणि त्याला सांगून टाकलं.

"मी आठवडाभर ऐकला तुझा जुना आवाज. फार गोड आहे. पण त्याच्या भरवशावर मी पुन्हा सहा महिने बेसावध राहायची नाही. मला तू हवायस."

"तुला ह्या आवाजाची किळस नाही येत?"

"दुःख होतं. किळस नाही येत."

तो दोन दिवस अबोला धरून बसला. आवटी मास्तरांचा अबोला जुनाच आहे, तो मोडायला जावं तर वाढतो, म्हणून मी माझ्या कामाला लागले. रविवारी रेडिओ पुन्हा सुरू करायचा होता. मागच्या खोलीत मी गाणी लावून बघत होते, तेव्हा तो दारात येऊन उभा राहिला.

"ती चंद्रपूरची मुलगी काय म्हणते?"

"नक्कल करायचो म्हणून अजून रडते. सरांना सांगा, माफ करा, म्हणते."

"वेडी आहे. तिचा काय दोष?" तो माईकजवळच्या खुर्चीत बसला. कानातलं यंत्र काढून त्याने टेबलावर ठेवलं आणि माझा हेडफोन चढवला. "हॅलो," म्हणाला. मग आपलाच आवाज ऐकून त्याने तोंड वाकडं केलं.

"हा माझा?"

"हाच."

"भयंकर आहे गं."

"आहेच."

"खोटं तरी बोल."

"खोटं बोलणारी यंत्रं आहेत की बाजारात," मी म्हटलं, आणि किती महिन्यांनी तो हसला. हसताना आवाज फुटला, खोकला आला, पाणी प्यावं लागलं.

रविवारी त्याने निवेदन केलं. एक वाक्य बोलायला त्याला तीनदा श्वास घ्यावा लागला. मधे आवाज पूर्ण गेला. जगभरातली माणसं नुसती शांतता ऐकत होती आणि मी हात पुढे करून माईक बंद करायच्या बेतात होते. त्याने माझा हात बाजूला सारला, घोट घेतला आणि राहिलेलं वाक्य पुरं केलं. पडद्यावर कुणीही काही लिहिलं नाही. मग रोशनीचं एवढंच आलं, 'ऐकतो आहोत, सर.'

तेव्हापासून तो दर रविवारी बोलतो. सभा-सत्कारांची आमंत्रणं अजून येतात, कारण तिथल्या यंत्रणेतून त्याचा आवाज पूर्वीसारखाच निघतो. तो नम्रपणे नाही म्हणतो. एका कार्यकर्त्याला त्याने सांगितलं, "मी आता फक्त एकाच ठिकाणी बोलतो, तिथे मला डॉक्टर ऐकतात."

परवाच्या रविवारी त्याने सातारच्या चार मुलींच्या नव्या बँडचं गाणं जाहीर केलं. "गाणं वाईट आहे," तो म्हणाला, "पण पोरींनी मनापासून वाजवलंय." मी गाणं सोडलं, आवाज वाढवला. खोली दणाणली. लोकांना वाटलं असेल, मी गाण्यात रंगले आहे. मी डोळे मिटून त्याचं वाक्य मनात पुन्हा ऐकत होते, शब्दाशब्दाने, 'वाईट'मधला तडा, 'मनापासून'नंतर घेतलेला श्वास, शेवटी उरलेली हवा. आवाज मागच्या रविवारपेक्षा वाईट नव्हता.